डुप्लिकेट अण्णा आणि चौपट मासा

आमच्या राजाजीनगरच्या घराच्या फाटकातून "अण्णा!" अशी हाक मारली की चार माणसं ओ देतात, आणि पाचवी ओ समोरच्या इस्त्रीवाल्याची येते. माझे वडील आणि त्यांचे तीन भाऊ, चौघेही अण्णाच. थोरल्याला तिघे धाकटे अण्णा म्हणायचे म्हणून तो अण्णा. त्याच्या पाठच्याला, म्हणजे माझ्या वडिलांना, मी अण्णा म्हणते. तिसऱ्याला वीजखात्यातले लाइनमन अण्णा म्हणायचे. चौथ्याला कुणीच म्हणत नव्हतं, तेव्हा तो रुसून बसला, मग सगळ्या गल्लीने ठराव केल्यासारखं त्यालाही अण्णा म्हणायला सुरुवात केली. चौघांचं नाक एक, चालण्याची ढब एक, आवाज तर इतका एक की फोनवर माझी आईसुद्धा सावधपणे "कोण अण्णा?" विचारते, आणि पलीकडून उत्तर येतं, "अगं मी, अण्णा!"

आमचे पूर्वज चारशे वर्षांपूर्वी घोड्यावर बसून इकडे आले असं घरात सांगतात. परत का गेले नाहीत, याचं उत्तर कुणी देत नाही. माझ्या मते घोडा उभा करायला जागा शोधता शोधताच चारशे वर्षं गेली. तेवढ्यात भाषेत कन्नड मिसळलं, आमटीचं सारू झालं आणि काका मंडळी अण्णा झाली.

हे पुराण लावायचं कारण मासा.

मी माशाचा जीनोम जुळवते. म्हणजे माशाच्या पेशीतला सगळा डीएनए वाचायचा आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सलग मांडायचा. एवढंच. ऐकायला सोपं वाटतं, मलाही वाटलं होतं. मासा कावेरीतला, पाठीवर कुबड असलेला महासीर. जगात फक्त याच नदीत उरलेला, तोही मोजका. त्याचा खवला म्हणजे दोशाची ताटली. मासा म्हणजे मिनीबस. मी थोडं वाढवून सांगते असं लोक म्हणतात, पण ज्या दिवशी आम्ही तिचं रक्त काढलं (मादी होती) त्या दिवशी मला, आमच्या लॅबच्या सरांना आणि वनखात्याच्या दोघा धिप्पाड गार्डांना तिने एकाच झटक्यात आडवं केलं. मला तर शेपटीने अशी थोबाडीत दिली की आजही डाव्या कानाने मला फक्त कन्नड ऐकू येतं. चमचाभर रक्त घेतलं आणि तिला परत पाण्यात सोडलं. जाताना तिने वळून पाहिलं. ती नजर मी ओळखते. आमच्या आईची आहे ती, पाहुण्याने आमटीत मीठ कमी आहे म्हटलं की येणारी.

ते रक्त बर्फाच्या पेटीत घालून मी रिक्षाने इलेक्ट्रॉनिक सिटीला नेलं, कारण वाचायचं यंत्र तिकडे. कोरड्या बर्फाचा धूर पेटीच्या फटीतून बाहेर यायला लागला तसा रिक्षावाला मागे वळला. "अक्का, ऐस्क्रीमा?" मी म्हटलं, मासा. त्याने नाक पुसलं, पेटीकडे पाहिलं आणि म्हणाला, "एवढ्याशा पेटीत? मासा नाही, चटणी असेल." पुलावर गाडी अशी अडकली की पेटीतला मासा तेवढ्या वेळात उत्क्रांत होऊन चालत पोचला असता. पण पोचलो, यंत्राने डीएनए वाचला, आणि माझं वाटोळं तिथून सुरू झालं.

कारण बहुतेक प्राण्यांत प्रत्येक गुणसूत्राच्या दोन प्रती असतात, एक आईकडची, एक बापाकडची. तुम्ही, मी, इस्त्रीवाला, सगळे त्यात आलो. या माशात चार-चार. फार फार पूर्वी दोन वेगवेगळ्या जातींच्या माशांचा संसार झाला असावा, आणि दोन्ही घरांनी आपापलं सामान न टाकता तसंच एका घरात आणून ठेवलं, असं मानतात. दोन मिक्सर, दोन कुकर, दोन देव्हारे. त्यामुळे शंभर गुणसूत्रं, आणि प्रत्येक गोष्ट चार वेळा, जवळजवळ सारखी. तो "जवळजवळ" शब्द मला पुढे किती छळणार आहे हे तेव्हा कळलं असतं तर मी सरळ बँकेची परीक्षा दिली असती.

यंत्र काही सबंध गुणसूत्र वाचत नाही, तुकडे देतं. लाखो तुकडे. आणि मग मी ते जोडत बसायचं. कल्पना करा, तुम्हाला राजाजीनगरमध्ये एक घर शोधायचंय आणि पत्ता एवढाच: थर्ड मेन, फोर्थ क्रॉस, म्हणजे तिसरा मोठा रस्ता, चौथी आडवी गल्ली. प्रत्येक ब्लॉकमध्ये एक थर्ड मेन आहे आणि त्याला फोर्थ क्रॉस आहे. प्रत्येकाच्या कोपऱ्यावर बेकरी आहे, बेकरीसमोर झोपलेलं तपकिरी कुत्रं आहे. ब्लॉक लिहिलेला नाही. आता असे लाखो पत्ते, आणि सगळ्यांचा मिळून एक नकाशा काढा. आमचा प्रोग्रॅम दोन चुका करायचा. दोन वेगळ्या रस्त्यांना एकच समजून एकावर एक बसवायचा, किंवा एकाच रस्त्यावरून दोनदा गेला की दोन रस्ते मोजायचा. आणि दोन्ही चुका तो एकदम, आनंदाने, आमच्या सर्व्हरची वीज जाळत करायचा. सर्व्हर इतका तापायचा की आम्ही त्यावर इडल्या लावू शकलो असतो. लावल्या नाहीत एवढंच.

पण जुळणी बरोबर येणं गरजेचं होतं, आणि माझ्या हौसेसाठी नव्हे. या नदीत माणसांनी दुसऱ्या नदीतले, टाकीत वाढवलेले महासीर आणून सोडलेत. चुलतभाऊच म्हणा, पण कुबड नाही. ते वाढले, मिसळले. आता नदीत खरा कुबडा कोण आणि मिश्र कोण, हे नुसतं बघून सांगता येत नाही. आमचा जीनोम म्हणजे मोजपट्टी. तिला लावून बाकीचे मासे तपासायचे, जे खरे निघतील त्यांना जपायचं. मोजपट्टीच चुकली, दोन वेगळे भाग एकात चेपले गेले, तर मासा तपासताना त्या एका जागी डीएनएची दोन प्रकारची अक्षरं दिसणार आणि अस्सल मासासुद्धा मिश्र ठरणार. आणि मिश्र ठरलेल्या माशासाठी कोण कशाला नदीत वाळूउपसा थांबवणार आहे?

म्हणजे मी एक ओळ चुकीची जोडली तर माझ्या थोबाडीत मारणारी ती बाई कागदोपत्री भेसळ ठरणार होती. मला ते चालणार नव्हतं. थोबाडीत मारल्यावर एक नातं तयार होतंच.

सर मात्र घाईत होते. सर बेळगावकडचे. मराठीत बोलायला सुरुवात करतात, कन्नडमध्ये चिडतात आणि इंग्रजीत माफी मागतात. आढावा समिती महिन्याभरात येणार होती आणि तिला पूर्ण झालेला जीनोम दाखवला नाही तर काम बंद, नदीवर जाणं बंद, असं वरून कळलं होतं. सर माझ्या खुर्चीच्या मागे उभे राहायचे. मागे उभं राहण्याची त्यांची एक पद्धत आहे, मानेवर श्वास येतो.

"किती झालं गे?"

"सर, अंदाजापेक्षा जवळजवळ दीडपट लांब येतंय."

"दीडपट? मासा आहे की रिंग रोड? काढ की जास्तीचं."

"सर, जास्तीचं म्हणजे नेमकं कुठलं?"

"जे दोनदा आलंय ते. डुप्लिकेट काढायचा प्रोग्रॅम आहे की. स्वल्प अ‍ॅडजस्ट कर."

स्वल्प! शाळेत आम्हाला स्वल्पविराम शिकवला होता. या शहरात स्वल्प आहे, विराम नाही. बसमध्ये स्वल्प सरका, रांगेत स्वल्प घुसू द्या, घरमालक म्हणतो पाणी स्वल्प कमी येईल, आणि आता जीनोम. मी तीन आठवडे दातओठ खात होते. प्रोग्रॅम बदलले, आकडे बदलले, खुर्ची बदलली, एका सोमवारी उपासही केला, माशासाठी मासे सोडणारी मी जगातली पहिली बाई असेन. काही जुळेना. शेवटी वैतागून मी डुप्लिकेट काढायचा प्रोग्रॅम लावला.

आणि काय सांगू! सगळं झर्रकन जागेवर. लांबी अंदाजाबरोबर, अगदी मापात. गुणसूत्रांची संख्या पन्नास, म्हणजे आईकडची आणि बापाकडची प्रत एकच धरली की शंभराची निम्मी, जितकी यायला हवी तितकी. सरांनी सगळ्या मजल्याला फिल्टर कॉफी पाजली. आम्ही ते चित्र छापून भिंतीवर लावलं. तीन वर्षं आमच्याकडे दगडासारखं बघणारा कॅन्टीनवालासुद्धा म्हणाला, "आयतु? मासा झाला?" झाला, म्हटलं. घरी जाताना मला बसमध्ये बसायला जागा मिळाली. तेव्हाच संशय यायला हवा होता.

त्याच रविवारी माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न. मुलाकडचे पुण्याचे. माझ्या लग्नाची चौकशी आता आमच्याकडे बंद झालीय. आता "मासा कधी उरकतोयस?" असं विचारतात, आणि त्या दिवशी मी छाती काढून सांगत होते, उरकला, उरकला.

व्याहीभेटीचा कार्यक्रम होता. मुलाकडच्यांनी आमच्याकडच्या मानाच्या माणसांना शाल-श्रीफळ, बायकांना साडी द्यायची. आईने मुलाच्या आईला फोनवर सांगितलं होतं की आमच्याकडे चार अण्णा, एक काकू, एक मावशी. त्या बाईंनी नीट तबकं भरली, प्रत्येकावर चिठ्ठी लावली. माइक मुलाच्या मेव्हण्याने घेतला. इथेच बेळ्ळंदूरला कुठल्याशा ऑफिसात आहे, प्रोजेक्ट मॅनेजर. तो वाक्यात मराठी फक्त क्रियापदापुरतं वापरतो.

"आता नेक्स्ट, अण्णा! अण्णांनी प्लीज स्टेजवर यावं!"

चौघे उठले. चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. थोरला वयाचा मान म्हणून पुढे गेला, बाकीचे आपली पाळी येईल म्हणून खाली बसले. थोरल्याला शाल मिळाली, फोटो झाला. मेव्हण्याने पुढचं तबक उचललं, चिठ्ठी वाचली. अण्णा. त्याच्या पुढचं. अण्णा. चौथंही अण्णा. मी जवळच होते, त्याचा चेहरा पाहिला. आमच्या प्रोग्रॅमला चेहरा असता तर तसाच असता.

"अरे, अण्णा तर झाले ना? आईने सेम लेबल चारदा लावलंय. चला, डुप्लिकेट आहेत, साइडला ठेवू."

आणि ऐनवेळी पुण्याहून आलेल्या तिघांना, कुणाचे तरी मित्र, त्याने ती तीन तबकं वाटून टाकली. मग "काकू!" म्हणून पुकारा झाला. माझ्या आईची सख्खी धाकटी बहीण माझ्या सगळ्यात धाकट्या काकाला दिलेली आहे. म्हणजे आम्हा बहिणींची ती काकूही आणि मावशीही, आणि आईने फोनवर नाती मोजली होती, माणसं नाही; लहानपणापासून आम्ही तिला सोयीप्रमाणे हाक मारतो. खाऊ हवा असेल तर मावशी, रागावली असेल तर काकू. ती काकू म्हणून गेली, साडी घेऊन आली. मग "मावशी!" म्हणून पुकारा झाला. ती पुन्हा गेली, दुसरी साडी घेऊन आली. मेव्हण्याला ओळखू आली नाही, कारण मधल्या वेळात तिने पहिली साडी अंगावर पदरासारखी टाकली होती. खाली येऊन माझ्या कानात म्हणाली, "मोरपंखी तू घे. मी कशाला नाही म्हणू? दोन्ही नाती माझीच आहेत."

कार्यक्रम संपला. मेव्हणा खूश. "सगळं टॅली झालं! एकही तबक उरलं नाही, कुणी राहिलं नाही!"

राहिलं होतं. फ्यूजअण्णा, म्हणजे आमचा तिसरा, वीजखात्यातला. माझे वडील मुलीचे बाप म्हणून गप्प बसले, चौथा बायकोच्या दोन साड्यांवर समाधानी. पण फ्यूजअण्णा पंगतीत बसला नाही. हॉलच्या दाराशी चपला शोधत होता.

"अण्णा, जेवून जा ना."

"कशाला? मी आहे कुठे?" तो म्हणाला. "त्या पोराने माइकवर सांगितलं ना, मी डुप्लिकेट. माझा अण्णा वर जाऊन शाल घेऊन आला, म्हणजे मी आलो. कळलं का? मी जातो म्हणजे कुणी गेलं नाही."

"अण्णा, असं काय बोलतोस?"

"साठ वर्षं झाली गं. शाळेत मास्तर म्हणायचे, थोरल्याचा निकाल बघितला, तुझा वेगळा कशाला बघू. लग्नात मला थोरल्याचा कोट. आता शालही त्याच्याच अंगावर." चप्पल सापडली, ती थोरल्याची निघाली. त्याने ती पुन्हा ठेवली आणि अनवाणीच रिक्षा बघायला गेला.

मी तिथेच उभी. हातात मोरपंखी साडी, पोटात जिलेबी, आणि डोक्यात भिंतीवर लावलेलं आमचं चित्र. सगळं टॅली. एकही तबक उरलं नाही. तबकं बरोबर, माणसं चूक. एक बाई दोनदा आली, तीन अण्णा गेले, पुण्याचे तीन उपरे बसले, आणि बेरीज जुळली!

सोमवारी सकाळी आठला मी लॅबमध्ये. आमचा प्रोग्रॅम डुप्लिकेट म्हणून जे काढतो ते फेकत नाही, एका वेगळ्या फाइलमध्ये टाकून ठेवतो, गच्चीवर जुन्या खुर्च्या टाकतात तसं. मी ती फाइल उघडली. आत अख्खे अण्णाच अण्णा. गुणसूत्रांचे लांबच लांब तुकडे, ज्यात अर्थपूर्ण, वेगळी, जिवंत जनुकं होती, त्यांचे सख्खे भाऊ आधीच वर जाऊन शाल घेऊन आले होते एवढाच त्यांचा गुन्हा. आणि जे आत ठेवलं होतं, त्यात एक तुकडा दोनदा, निरनिराळ्या नावाने, साडी बदलून बसलेला. मला हसू आलं, आणि मग इतका संताप आला की मी भिंतीवरचं चित्र ओढून काढलं. टेपबरोबर भिंतीचा रंगही आला.

सर आले. मी सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा काढला.

"समिती गुरुवारी आहे गे."

"माहीत आहे सर."

"कुणाला कळणार आहे? लांबी बरोबर, संख्या बरोबर. नंतर सुधारू की. सगळे करतात."

"सर, नदीवरचा पहिला मासा या पट्टीला लावला की मिश्र निघेल. दुसराही. मग सगळेच. मग सुधारायला कुणी मासा ठेवणार नाही."

सर कन्नडमध्ये चिडले. डाव्या कानाला ऐकू आलं, ते इथे लिहीत नाही. मग खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले. शेजारी, मागे नाही. "मग ओळखणार कसं तू? चारही सारखेच की."

तेच तर कळत नव्हतं. सोमवार गेला, मंगळवार गेला. मंगळवारी संध्याकाळी घरी सारखे फोन येत होते, गल्लीतल्याच आपापल्या घरांतून काका मंडळींची लग्नातल्या अपमानाची सुनावणी चालू होती. आई स्वयंपाकात, म्हणून फोन मी घ्यायचे. प्रत्येक वेळी तोच आवाज, "अगं मी, अण्णा." आणि मला प्रत्येक वेळी कुठला ते कळत होतं. तिसऱ्या फोनला मी दचकले. कसं कळतंय मला? आवाज एक. मग लक्ष दिलं. थोरला प्रत्येक वाक्याच्या शेवटी "सरी सरी" म्हणतो. फ्यूजअण्णा "कळलं का" म्हणतो, वाक्य संपो न संपो. अर्थ शून्य, नुसतं पालुपद, पण माणूस त्यानेच ओळखू येतो.

माशातही पालुपदं असतात. डीएनएचे छोटे, निरर्थक, पुन्हा पुन्हा येणारे तुकडे. आम्ही त्यांना कचरा समजून आधीच झाकून टाकत होतो, कारण ते जुळणीत गोंधळ घालतात. पण ज्या दोन जातींच्या माशांनी कधीकाळी एकत्र संसार मांडला, त्यांची पालुपदं वेगळी असणार. एकीची "सरी सरी", दुसरीची "कळलं का". मी त्या झाकलेल्या तुकड्यांवरचं झाकण काढलं आणि गुणसूत्रं पालुपदाप्रमाणे वेगळी बसवायला लागले. बुधवारी दुपारपर्यंत पुष्कळशी दोन घरांत गेली. पुष्कळशी. सगळी नाहीत. काही गुणसूत्रं दोन्ही पालुपदं म्हणत होती, काही काहीच म्हणत नव्हती, नुसती बघत होती. आकडा पन्नासवरून त्रेपन्नावर गेला, लांबी पुन्हा मापाबाहेर. सुंदर चित्राची वाट लागली होती.

गुरुवारी समिती आली. पाच माणसं, पाच पाण्याच्या बाटल्या. अध्यक्ष म्हणाले, "पूर्ण झालाय ना?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "नाही."

"पण सारांशात लिहिलंय पूर्ण."

"तो सारांश गेल्या आठवड्यातला. तेव्हा आम्ही अर्धा मासा डुप्लिकेट म्हणून काढून टाकला होता."

मग मी त्यांना चार अण्णांचं सांगितलं. खरं तर माशाचंच सांगणार होते, पण तोंडातून अण्णा निघाले, शालीसकट. थोडं वाढवूनही सांगितलं असेल, फ्यूजअण्णा हॉलपासून घरापर्यंत अनवाणी चालत गेला वगैरे. तो रिक्षानेच गेला होता. एक सदस्य हसले. दुसऱ्यांनी कपाळाला हात लावला. अध्यक्षांनी बाटलीचं झाकण फिरवून घट्ट केलं आणि सरांना विचारलं, "तुमचं काय म्हणणं?"

सर इंग्रजीत माफी मागणार असं मला वाटलं. ते मराठीत म्हणाले, "बरोबर सांगतीय की ती."

निकाल असा: काम बंद नाही. पण नदीवर जाऊन नवे मासे तपासायची परवानगीही नाही, जुळणी खरोखर पूर्ण होईपर्यंत. शेरा, अपूर्ण. तीन वर्षं, एक थोबाडीत, उपासाचा एक सोमवार, आणि शेरा अपूर्ण. सर बाहेर आल्यावर म्हणाले, "कॉफी?" आणि मशीनमध्ये दूध संपलेलं होतं.

त्या संध्याकाळी मी घरी पोचले तर फाटकाशी गोंधळ. मुलाच्या मेव्हण्याला कुणीतरी चूक समजावली होती. त्याने बेळ्ळंदूरहून तीन शाली कुरिअरने पाठवल्या होत्या, तीन पाकिटं, पत्ता नुसता "अण्णा, थर्ड मेन, फोर्थ क्रॉस, राजाजीनगर". ब्लॉक लिहिलेला नाही. पोरगा सगळे ब्लॉक फिरून, दोन वेगळ्या अण्णांच्या घरून परत पाठवला जाऊन, शेवटी इस्त्रीवाल्याच्या सांगण्यावरून आमच्याकडे आला होता, घामाघूम आणि कमालीचा रागावलेला. मी त्याला पाणी दिलं. त्याच्याबद्दल मला जेवढी आपुलकी वाटली तेवढी जगात कुणाबद्दल वाटली नसेल.

फ्यूजअण्णा व्हरांड्यात बसला होता. पाकिटाला हात लावेना.

"यातलं माझं कुठलं? तिन्हींवर अण्णाच लिहिलंय, कळलं का."

मी मार्कर काढला आणि एका पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहिलं: फ्यूज. त्याने ते वाचलं, उलट करून पाहिलं, मग फोडलं. शाल चांगली होती, जांभळी. त्याने ती उकाड्यातच खांद्यावर टाकली.

"आणि तुझा मासा? झाला म्हणत होतीस."

"नाही झाला. काही ओळखूच येत नाहीत. कुठल्या घरात बसवायचे तेच कळत नाही."

"मग काढून टाकणार?"

"नाही."

"मग बसू दे त्यांना व्हरांड्यात," तो म्हणाला. "बोलतील आपोआप, कळलं का." आणि आत वळून ओरडला, "अण्णा, चहा टाकायला सांग!"

आतून दोन आवाज आले. चहा मात्र कुणीच टाकला नाही.